आयटीआय झाला, आता अप्रेंटिस कुठे करावी? (ट्रेड वीजतंत्री, भाच्यासाठी विचारतोय)

मामा_पुणेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भाच्याचा आयटीआय यंदा झाला. ट्रेड वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा. ७८ टक्के. गाव केज तालुक्यात, घरी चार एकर कोरडवाहू, वडील नाहीत, ताई अंगणवाडीत मदतनीस आहे. दोन वाटा समोर आहेत आणि त्यावरून घरात रोज खडाजंगी.

एक, वीज कंपनीच्या उपविभागात वर्षभराची अप्रेंटिसशिप. गावापासून १८ किलोमीटर, विद्यावेतन सात हजारांच्या आसपास. दुसरी, चाकणच्या एका कारखान्यात 'अप्रेंटिस', महिना सोळा हजार, वर कँटीन आणि बस. ताई म्हणते, पोरगं डोळ्यासमोर राहू दे. मी म्हणतो, दुपटीहून जास्त पैसे मिळत असताना गावात का बसायचं? भाचा काही बोलत नाही, मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो.

मी बँकेत कारकून. फेज कुठला न् न्यूट्रल कुठला हे मला शॉक बसल्यावर कळतं. जाणकारांनी सांगा.

नुसता_वाचक

वाचतोय. माझाही पुतण्या याच रांगेत आहे.

निदेशक_आठतीस

मी शासकीय आयटीआयमध्ये शिल्प निदेशक आहे, वीजतंत्रीच शिकवतो. मामा, आधी एक सांगा. चाकणच्या पत्रावर अप्रेंटिसशिपचा करार क्रमांक आहे का? केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर मुलाची नोंदणी झाली आहे का? की पत्रात नुसतं 'ट्रेनी' लिहिलंय?

हे एवढ्यासाठी विचारतोय की 'अप्रेंटिस' हा शब्द गावोगाव चहासारखा वाटला जातो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालचा अप्रेंटिस वेगळा आणि ठेकेदाराने मशीनवर उभा केलेला मुलगा वेगळा. पहिल्याचा करार नोंदवलेला असतो, वर्षाच्या शेवटी परीक्षा असते आणि हातात राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र पडतं, ज्याला पोरं 'एनएसी' म्हणतात. दुसऱ्याला अनुभवाचं पत्र मिळालं तर नशीब.

सात हजारांचा हिशोबही सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीत आयटीआय झालेल्यासाठी पहिल्या वर्षाचं किमान विद्यावेतन ७,००० धरलं गेलं, डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला ९,०००. हा आकडा किमान आहे, जास्त द्यायला कुणी कुणाला अडवलेलं नाही. केंद्राची प्रोत्साहन योजना लागू असेल तर त्यातला चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपये, सरकार देतं. ते थेट मुलाच्या खात्यात येतात, म्हणून आधार बँकेला जोडलेलं आहे का ते आजच बघा. माझ्याकडची निम्मी पोरं तिथेच अडकतात.

चाकण_रिटर्न

निदेशक सर म्हणतात ते माझ्यावरच गुदरलंय म्हणून लिहितो. २०१७ साली मीही असाच गेलो होतो, कंपनीचं नाव घेत नाही. गेटवर मोठ्ठा बोर्ड होता 'येथे प्रशिक्षण दिले जाते'. अकरा महिने मी काय शिकलो? कन्व्हेयरवर दर चाळीस सेकंदाला एक वायर हार्नेस क्लिपमध्ये बसवायचा. ट्रेड इलेक्ट्रिशियन, पण पॅनलचं दार एकदाही उघडून दिलं नाही. अकराव्या महिन्यात गेटपास बंद, बाराव्या महिन्यात माझ्या जागेवर नवीन बॅच. करार पोर्टलवर नव्हताच, त्यामुळे परीक्षा नाही, एनएसी नाही.

पण मामा, सगळं चाकण असंच आहे असं नाही बरं. माझा रूममेट दुसऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला, नोंदणीकृत अप्रेंटिस म्हणून. त्याला तिथल्या म्हाताऱ्या फोरमनने मोटरपासून पीएलसीपर्यंत (मशीन चालवणारा छोटा संगणक) सगळं दाखवलं. तो आज तिथेच कायम आहे, मी आता त्याच्या हाताखाली ठेक्यावर. म्हणून पत्रात विभाग कुठला लिहिलाय ते वाचा. 'प्रॉडक्शन' लिहिलं असेल तर लाइनवर उभं राहायचं आहे. 'मेंटेनन्स' लिहिलं असेल तर थोडी आशा.

मेंटेनन्सच्या मुलाखतीत काय विचारतात ते भाच्याला सांगा. टेबलावर सहा वायरी बाहेर आलेली मोटर ठेवतात, शेजारी तीन कॉन्टॅक्टर (विजेने चालणारे स्विच), एक टायमर आणि एक ओव्हरलोड रिले. "स्टार-डेल्टा जोड." म्हणजे मोटर आधी कमी व्होल्टवर सुरू करून मग पूर्ण व्होल्टवर न्यायची जोडणी. निम्मी पोरं तिथेच घाम पुसत उभी राहतात, कारण वहीत आकृती काढलेली असते, हाताने जोडलेलं नसतं. मल्टिमीटरने आधी तीन वाइंडिंगच्या जोड्या शोधायच्या, मग पुढचं. आणि स्टार अन् डेल्टाच्या कॉन्टॅक्टरला, दोन्ही एकदम चालू होऊ नयेत म्हणून, एकमेकांचं इंटरलॉक द्यायला विसरलास की स्विच दाबताच धडाम! मी विसरलो होतो.

खांबावरचा_काका

वीज मंडळात १९८६ ला लागलो. २००५ ला मंडळाच्या कंपन्या झाल्या तेव्हा वितरणच्या वाट्याला आलो, प्रधान तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. लातूर-बीड पट्ट्यात आख्खी नोकरी खांबावर गेली.

मामा, रागावू नका, पण "गावात का बसायचं" म्हणता ते चुकताय. उपविभागाचा अप्रेंटिस बसत नसतो. पावसाळ्यात एकदा अकरा केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, लाइन तुटली की रात्री दोनला चिखलातून तीन किलोमीटर चालायला लागतं. मात्र पोरगं कुणाच्या हाताखाली पडतं त्यावर सगळं आहे. चांगला लाइनमन भेटला तर वर्षात सोनं. नाहीतर वर्षभर बिलं वाटणे, थकबाकीवाल्यांची वीज तोडणे आणि साहेबाच्या घरचा फॅन दुरुस्त करणे. तेव्हा जॉइन व्हायच्या आधी भाच्याला त्या शाखा कार्यालयात जाऊन चहाच्या टपरीवर बसायला सांगा. तासाभरात कळतं कोण काम करतो आणि कोण नुसत्या गप्पा हाणतो.

एक प्रसंग सांगतो. २००९ असेल, मे महिना, लग्नसराई. गावाबाहेर अकरा केव्हीचा जंप (दोन तारा जोडणारा तुकडा) जळाला होता. सबस्टेशनवरून परमिट घेतलं, खांबावरचा एबी स्विच (लाइन तोडणारा) उघडला, तिन्ही ब्लेड उघडल्याचं डोळ्यांनी पाहिलं, कुलूप लावलं. माझ्याबरोबर नवीन पोरगं, अप्रेंटिस. ते म्हणालं, "काका, लाइन बंद हाय की, रॉड कशाला?" मी म्हटलं, लाव. तारेत राहिलेली वीज जमिनीत उतरवणाऱ्या डिस्चार्ज रॉडचा जमिनीकडचा क्लॅम्प आधी घट्ट बसवला, मग हुक तारेला टेकवला आणि ठिणगी उडाली. नुसती चुटपुट नाही, चांगला कडकडाट.

पुढे एक मंगल कार्यालय होतं, त्याची स्वतंत्र डीपी, म्हणजे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर). वीज गेली म्हणून मांडववाल्याने जनरेटर लावला आणि चेंजओव्हर स्विच (मेन आणि जनरेटर वेगळे ठेवणारा) न टाकता थेट मेनला जोडला. खालून चारशे व्होल्ट रोहित्रात उलटे शिरले की वर अकरा हजार होऊन निघतात. रोहित्राला काय, दोन्ही बाजू सारख्याच. पोरगं मट्कन खाली बसलं. त्या दिवसापासून त्याला रॉड लाव असं सांगावं लागलं नाही. आता ते पोरगं वरिष्ठ तंत्रज्ञ आहे.

आताशा दर घरात इन्व्हर्टर, दर मळ्यात जनरेटर, त्यामुळे हा धोका वाढलाय.

नुसता_वाचक

काका, अंगावर काटा आला.

तारेवरची_बाई

काकांना नमस्कार. मी विद्युत सहाय्यक म्हणून लागले, आता तंत्रज्ञ आहे, मराठवाड्यातच. भरतीची बाजू सांगते, कारण अप्रेंटिस करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात तेच असतं.

अप्रेंटिसशिप संपली की कंपनी नोकरी देईल, असं कायदा म्हणत नाही. भरतीचं धोरण ज्याचं त्याने ठरवायचं. आमच्याकडे दार एकच, विद्युत सहाय्यकाची जाहिरात. ती कधी येईल हे कुणाच्या हातात नाही. २०१९ ला ५,००० जागा निघाल्या, मधे करोना आला, पोरं वाट बघून थकली. त्यानंतर २०२३ च्या जाहिरातीत ५,३४७ जागा होत्या, वय १८ ते २७, मागासवर्गीयांना सवलत. पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन: १५,०००, मग १६,०००, मग १७,०००. ती नीट पार पडली की तंत्रज्ञ म्हणून नियमित. २०१९ ला दहावीच्या गुणांवर निवड झाली होती, २०२३ च्या जाहिरातीला ऑनलाइन परीक्षा आली. म्हणजे भाच्याचे दहावीचे गुण कमी असले तरी आता ट्रेडचा अभ्यास कामाला येतो. पेपरात सर्वात जास्त गुण ट्रेडच्याच प्रश्नांना. जाहिरात निघाली की समांतर आरक्षणाचा तक्ता नीट वाचायला सांगा, शिकाऊ उमेदवारांसाठी काही वेगळं आहे का ते बघून मगच अर्ज भरायचा.

थोडं माझं. पहिल्या महिन्यात मला बिलाच्या तक्रारी घ्यायला खिडकीवर बसवलं. "ताई, तुम्हाला उन्हात कशाला?" काळजीने बोलत होते, पण वर्षभर खिडकीवर बसले असते तर आज डीओ (खांबावरचा फ्यूज) टाकता आला नसता. मी सांगितलं, मला खांबावर चढायचं आहे. सेफ्टी बेल्ट पुरुषांच्या मापाचा, शेवटच्या भोकालाही सैल. चांभाराकडून दोन भोकं पाडून घेतली. (असं करू नये, बेल्टची ताकद जाते, हे मला नंतर कळलं. कार्यालयाकडे मागा, दहादा मागा.) लोक खाली जमून बघायचे. आता फक्त म्हाताऱ्या बायका बघतात आणि वर बघून "जपून गं माय" म्हणतात.

चाकण_रिटर्न

ताई, सलाम!

मामा_पुणेकर

सगळ्यांचे आभार. पत्र मागवून घेतलंय, व्हॉट्सॲपवर फोटो आला की बघतो. मधल्या काळात एक शंका. शेजारचे म्हणतात, 'सोलरला टाका, सगळा पैसा आता तिकडेच'. त्यात किती तथ्य?

उन्हातला_माणूस

सोलरवाला मीच. नाशिकजवळ छतावरची कामं घेतो, चार पोरं हाताखाली. काम आहे, खोटं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, एक कोटी घरांचं उद्दिष्ट. तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान म्हटल्यावर लोक स्वतः फोन करतात. शेतीपंपांचं वेगळंच.

पण शेजाऱ्यांना सांगा, थेट सोलरला टाकू नका. माझ्याकडे तीन महिन्यांचा सूर्यमित्र कोर्स केलेली पोरं येतात आणि आयटीआय झालेलीही येतात. दोघंही पॅनेल छान बसवतात. फरक कळतो अर्थिंगला आणि इन्व्हर्टर एरर दाखवायला लागला की. ५४० वॅटची सहा पॅनेल ओळीत जोडली की कडक उन्हात तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी उभा राहतो आणि त्याला बंद करायचं बटण नसतं, सूर्य मावळेपर्यंत. एसीची ठिणगी प्रवाह शून्यावरून जाताना विझते, डीसीची लांबत जाते. चालू लोडवर कनेक्टर ओढून काढणारा एक बहाद्दर माझ्याकडे होता, त्याच्या दोन बोटांवर अजून डाग आहेत.

आधी वीजतंत्रीचा हात पक्का होऊ दे. सोलर नंतर महिनाभरात येतं. उलटं होत नाही.

आणि परवाना! अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्रीचा परवाना, ज्याला आमच्याकडे अजून सगळे 'पीडब्ल्यूडी लायसन्स' म्हणतात. पुढे पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, मग कंत्राटदाराचा परवाना. नवीन कनेक्शनला टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यावर परवानाधारकाचीच सही चालते. गावात काही जण घर न बघताच सही विकतात, त्यांच्या नादी लागू नये. पण सही आपली असली की माणूस मजुराचा मालक होतो, हे मात्र खरं.

दर्यावर्दी_रत्नागिरी

आमच्याकडची अर्धी वाडी आखातात वायरमन. दहावी पास असेल तर पासपोर्टवर ईसीआर (कामासाठी जाताना सरकारी मंजुरी लागते असा शिक्का) लागत नाही, म्हणून दहावीचं प्रमाणपत्र जपून ठेवा. एजंटाला सेवाशुल्क कायद्याने ३०,००० रुपये अधिक जीएसटी, त्याच्या वर एक रुपया नाही, आणि तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला हवा. दीड-दोन लाख मागणारे भेटतील. पण दोन-तीन वर्षांच्या अनुभवाशिवाय जाऊ नये, हेल्परचाच पगार मिळतो.

बंड्या_मेलबर्न

इथे उलटी गंगा आहे. इलेक्ट्रिशियन व्हायचं तर साधारण चार वर्षांची अप्रेंटिसशिप, तीही पगारावर, सोबत कॉलेज. मग व्हिक्टोरिया राज्यात 'ए ग्रेड' परवाना. परवान्याशिवाय स्वतःच्या घरातला सॉकेट बदलला तरी गुन्हा. माझ्या बॉसची मुलगी बारावीनंतर डॉक्टरकी सोडून यात आली तेव्हा मी घरी सांगितलं, आईला खरं वाटेना.

भारतातून येणाऱ्यांना अनुभव कागदावर दाखवावा लागतो: पगारपत्रकं, करार, काय काम केलं त्याचा तपशील. 'दहा वर्षं काम केलंय साहेब' कुणी ऐकत नाही. भाच्याला सांगा, पहिल्या दिवसापासून डायरी ठेव.

निदेशक_आठतीस

डायरीला +१. अप्रेंटिसला कामाची नोंदवही ठेवायचीच असते, पोरं ती शेवटच्या आठवड्यात एकाच पेनाने लिहितात. परीक्षक हसतात.

राहिलेल्या वाटा पटकन. रेल्वेचीही अप्रेंटिस असते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते, वय १५ ते २४. मध्य रेल्वेच्या परळ, माटुंगा, भुसावळ इथल्या वर्कशॉपवर नजर ठेवा. ती पूर्ण केलेल्यांना रेल्वेच्या लेव्हल वनच्या (सर्वात खालची श्रेणी) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, हे फार कमी जणांना माहीत असतं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. माझ्यासारखं शिकवायचं असेल तर एक वर्षाचा सीआयटीएस (निदेशकांचा प्रशिक्षण कोर्स), मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय संस्थेत होतो.

आणि काकांचा प्रसंग वाचून एक कायद्याचं. अप्रेंटिस हा कामगार धरला जात नाही, तो शिकणारा आहे. त्याला एकट्याला खांबावर चढवायचं नाही, सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम नाही, आणि शिकताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी कंपनीची. रात्री दोनला चिखलातून न्यायचं असेल तर शिकवायला न्या, माणूस कमी पडतो म्हणून नको.

खांबावरचा_काका

सर बरोबर बोलतात. पण आमच्याकडे खांब जास्त आणि माणसं कमी, हेही तुम्ही जाणता.

निदेशक_आठतीस

जाणतो काका. म्हणूनच लिहिलं.

मामा_पुणेकर

नमस्कार, मी भाचा. मामाच्या आयडीवरून लिहितोय. सगळा धागा वाचला, रील बघत नव्हतो, इंटरलॉकचे व्हिडिओ बघत होतो.

चाकणचं पत्र आलं. त्यावर कंपनीचं नाव खाली बारीक आहे, वर ठेकेदाराचं. पदाचं नाव 'ट्रेनी', विभाग 'असेंब्ली'. करार क्रमांक नाही. फोन केला तर म्हणाले, पोर्टल-बिर्टल आमच्याकडे नसतं, यायचं तर सोमवारी या.

काका, तुम्ही सांगितलं तसं शाखा कार्यालयासमोरच्या टपरीवर दोन दिवस बसलो. एक लाइनमन आहेत, पन्नाशीचे. कुणाशी बोलत नाहीत, पण गाडीच्या डिकीत रॉड आणि हँडग्लोव्हज त्यांच्याच दिसले. बाकीच्यांच्या डिकीत पाना आणि पकड. त्यांना विचारलं, तुमच्याबरोबर येऊ का? म्हणाले, सही झाल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही.

पैशाचं मामा बघतो म्हणाला, वर्षभर महिन्याला तीन हजार. मी परत करणार आहे.

तारेवरची_बाई

छान. बेल्ट मापाचा मागून घे. पावसाळ्याआधी.

चाकण_रिटर्न

आणि संध्याकाळी मोकळा असशील तर गावातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे बस. फुकट बसलास तरी चालेल.

मामा_पुणेकर

(भाचाच.) आज करार झाला, पोर्टलवर नंबर आला, स्क्रीनशॉट आईला पाठवला. पहिल्या दिवशी रोहित्राभोवतीचं गवत काढलं आणि फ्यूज कॉलला दोन ठिकाणी गेलो. किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवायची चिनी मातीची खाच) कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार टाकली होती, ती काढून ठेवलीय, डायरीत चिकटवणार आहे. दुपारी सरांनी, म्हणजे त्या लाइनमननी, रॉड हातात दिला. काही सांगितलं नाही, नुसतं बघत राहिले.

खांबावरचा_काका

मग आधी कुठलं टोक लावलंस?

मामा_पुणेकर

जमिनीचं.

खांबावरचा_काका

हं. आणि काढताना?